हाफ बॉल जाड का जातो त्याचा छडा लागला, पण साईडने नवीन लफडं करून ठेवलं

सापडलं भो एकदाचं, माझ्या पूलच्या खेळातलं दुखणं. मागच्या दोन्ही अपडेटमध्ये ज्याचं रडगाणं गायलं होतं तेच, हळू मारलेला हाफ बॉल कट (व्हाईटचा, म्हंजे क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर धरून त्याला तिरकं पाठवणं), जो दिसायला एकदम सोपा, आणि दरवेळी कमी कापला जाऊन, म्हंजे जाड जाऊन, पॉकेटच्या जॉवर (तोंडाच्या कोपऱ्यावर) आपटून बाहेर. निशाणा चुकतच नव्हता. निशाणा बरोबर असूनच बॉल जाड जात होता, कारण थ्रो, म्हंजे दोन बॉल एकमेकांना घासले की समोरचा बॉल रेघेवरून सरकतो ते. आता ज्यांनी तेव्हा "डोळे तपासून घे" म्हणून सल्ले दिले त्यांनी जरा शेवटपर्यंत वाचा.

आधी सांगतो की थ्रोपर्यंत पोचलो कसा, कारण खरी मजा त्यातच आली. आधी टेबलाच्या पूर्ण लांबीवर सरळ शॉट लावले, कट नाहीच, व्हाईट फुल बॉल लागून जागेवर थांबला पाहिजे. ते चालले व्यवस्थित, म्हंजे स्ट्रोक आणि स्टान्स सुटले यातून. मग तोच कट उजवीकडे आणि आरसा धरल्यासारखा तोच डावीकडे. इथे ट्यूब पेटली. डोळ्याचा घोळ असता, म्हंजे क्यू हनुवटीखाली चुकीच्या जागी येत असता, तर दिसणारी लाईन एकाच अंगाला सरकली असती आणि एका बाजूचा कट जाड अन् दुसऱ्या बाजूचा पातळ गेला असता. इथे दोन्ही बाजूंनी जाड. मग तोच शॉट दणकून मारला, आणि गेला ना आत. पुन्हा हळू, पुन्हा बाहेर. निशाणा तोच, लाईन तीच, फक्त जोर बदलला की निकाल बदलतो, म्हंजे गडबड माझ्या डोळ्यात नाही, दोन बॉल एकमेकांना लागतात तिथे आहे.

थ्रो ऐकून सगळ्यांना माहितीये, मलाही होता, पण मी समजत होतो की ते वर्ल्ड चॅम्पियन लोकांचे नखरे, आपल्या लेव्हलला काय फरक पडतो. पडतो. व्हाईट तिरका येऊन लागतो तेव्हा समोरच्या बॉलला नुसता ढकलत नाही, घासत जातो, आणि त्या घासण्याने समोरचा बॉल व्हाईट जिकडे चालला असतो तिकडे थोडा ओढला जातो. म्हणून व्हाईटला बाजूची फिरकी नसेल तर कट नेहमी कमीच होतो, जास्त होत नाही. अमेरिकेतले डॉ. डेव्ह अल्सिएटोरे, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवायचे, त्यांनी हे सगळं हाय स्पीड कॅमेऱ्याने दाखवून ठेवलंय. थ्रो सगळ्यात जास्त कधी? हाफ बॉलच्या आसपास, हळू, आणि व्हाईट स्टनमध्ये (न लोळता नुसता घसरत) असताना. म्हंजे हुबेहूब माझा शॉट, कारण मी व्हाईट जागेवर अडवायला म्हणून थोडा खाली मारतो, हळूच. थ्री-क्वार्टर कटला, म्हंजे साडेचौदा डिग्रीच्या आसपास, हा त्रास इतका जाणवत नव्हता. हाफ बॉल म्हंजे बरोबर 30 डिग्री, आणि तिथेच सगळी माती.

आकडे टाकतो म्हंजे विश्वास बसेल. बॉल 57.15 मिमीचा. आपल्याकडच्या टेबलाच्या कॉर्नर पॉकेटचं तोंड मी टेपने मोजलं, साडेअकरा सेमीच्या आसपास भरतं. बॉल एकदम मधोमध गेला तर दोन्ही बाजूंना उरतात तीन सेमीला थोडे कमी. आता पॉकेट एक मीटर दूर असेल आणि थ्रो 3 डिग्री झाला तर बॉल सरकतो सव्वापाच सेमी. 2 डिग्रीला साडेतीन. म्हंजे 2 डिग्रीलाच खेळ खल्लास, जॉला लागला तर नशिबाने आत, नाहीतर टेबलभर भटकंती.

आता टेस्ट. दोन बॉल एकमेकांना चिकटवून ठेवले, मधे कागदही जाणार नाही असे, आणि दोघांची रेघ समोरच्या कुशनवरच्या एका डायमंडवर (काठावरच्या खुणेवर) लावली. मग व्हाईटने मागच्या बॉलला तिरकं, अर्ध्यावर, हळू मारलं. रेघेनुसार पुढचा बॉल डायमंडवर जायला पाहिजे. गेला नाही. बाजूला गेला, आणि चांगला बॉलभर बाजूला, डोळ्याने स्पष्ट दिसावा इतका. वाकून बघा एकदा, दोन बॉल जिथे टेकलेत तिथे जुन्या सेटवर चॉकचा निळा डाग दिसतो बारीक, त्या डागावर घासला की अजून जास्त खेचतो. नंतर तेच दोन बॉल पाण्यात थोडं भांड्याचं लिक्विड टाकून धुतले, मऊ कपड्याने कोरडे केले, परत तसेच चिकटवून मारले. या वेळी सरकला, पण अर्ध्या बॉलपेक्षा कमी. मी तिथेच जोरात हसलो, बाजूच्या टेबलावरचे पोरं बघायला लागले की याला काय झालं.

नाना (भुसावळचे, रेल्वेतून रिटायर, बिलियर्ड्सवाले, त्यांच्याबद्दल आधी लिहिलंय) मागे उभे होते. म्हणे, "कायले इतकं डोकं लावून राह्यला रे बावा, बॉल पुसून घे ना." बरोबर आहे म्हणा. पण पार्लरमध्ये बॉल पुसतं कोण? उन्हाळ्यात भर दुपारी कुलर लावलेला असतो, त्याची ओली हवा टेबलाच्या एका टोकावर, तिथलं कापड जड होऊन बॉल पळत नाही, दुसऱ्या टोकाला कापड कोरडं ठाक, आणि बाहेरून धुळीचे लोट. पोरं भजी खाऊन तेच हात बॉलला लावतात. त्यात मालकाने घेतलेला सेट स्वस्तातला, पॉलिएस्टरचा, व्हाईट आता पिवळट पडलाय. फिनॉलिक रेझिनचे ॲरामिथ बॉल, बेल्जियमचे, महाग पडतात मान्य, पण एकदा घेतले की वर्षानुवर्षं बघायला नको, आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. मालकाला सांगितलं तर म्हणे, "भाऊ, पोरं बॉल खाली आपटतात, त्यांना बेल्जियम कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बरं, इलाज. पहिला इलाज सोपा, जोरात मारा. थ्रो कमी होतो, पण व्हाईट कुठल्या कुठे पळतो आणि पुढच्या शॉटची बोंब, त्यापेक्षा न मारलेला बरा. दुसरा इलाज नानांनी सांगितला, बाहेरची साईड, म्हंजे व्हाईटला मधोमध न मारता बाजूला मारून फिरकी देणं. उजवीकडे कट करताय तर व्हाईटला थोडी डावी साईड द्यायची, डावीकडे कट असेल तर उजवी. व्हाईट असा फिरतो की टेकायच्या जागेवर त्याचा पृष्ठभाग उलट दिशेने सरकतो, घासणं जवळजवळ शून्य होतं आणि बॉल थेट रेघेवर जातो. नाना म्हणे विल्सन जोन्सच्या काळातले लोक हे न सांगता करायचे. आता विल्सन जोन्स म्हंजे पुण्याचे, 1958 ला कलकत्त्यात वर्ल्ड अमॅच्युअर बिलियर्ड्स जिंकलेले, त्यांचं नाव निघालं की नाना कुठल्याही गोष्टीला जोडून देतात, पण फिजिक्स मात्र बरोबर आहे.

फक्त एक गोष्ट नाना सांगायला विसरले. साईड दिली की व्हाईट सरळ जातच नाही! डावीकडे टीप (क्यूचं टोक) लागली की व्हाईट उजवीकडे ढकलला जातो, याला म्हणतात स्क्वर्ट. आणि उजवीकडे कट करताना व्हाईट उजवीकडे ढकलला म्हंजे काय? अजून जाड लागणार. म्हंजे थ्रो घालवायला साईड दिली आणि स्क्वर्टने परत तेच पदरात टाकलं. हळू मारताना क्यू जरा वर असेल तर व्हाईट वळून परत लाईनवर यायला बघतो, पण किती वळेल ते कापडावर आणि जोरावर, आणि त्या कुलरवर. पार्लरच्या क्यूंचं तर बोलूच नका, टीप मश्रूमसारखी फुगलेली, शाफ्ट (क्यूचा पुढचा दांडा) जाड, दरवेळी वेगळा स्क्वर्ट. एका संध्याकाळी हाच खेळ करत बसलो आणि शेवटी इतकी चिडचिड झाली की क्यू ठेवून नुसता चहा पीत दुसऱ्यांचे गेम बघत बसलो.

तिसरा इलाज, जो सध्या चालू आहे, तो म्हंजे साईड बिलकुल नाही, व्हाईट मधल्या रेषेवर किंचित वर मारायचा म्हंजे तो लोळत जाऊन लागतो (लोळत्या व्हाईटला थ्रो स्टनपेक्षा कमी), आणि निशाणा थोडा पातळ. थोडा म्हंजे किती, हे मी कागदावर काढलं. 3 डिग्री थ्रो पकडला तर 30 च्या जागी 33 डिग्री कापायचं. हाफ बॉलला आपण व्हाईटचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर धरतो ना, तो आता कडेच्या बाहेर अडीच मिमी. बस, अडीच मिमी! 13 मिमीच्या टीपचा पाचवा हिस्सा. एवढ्यासाठी मी इतके दिवस डोक्याचा भुगा केला.

घोस्ट बॉलवाल्यांसाठी (टक्कर होताना व्हाईट जिथे असेल तिथे मनात बॉल धरून निशाणा लावणारे), मागे सांगितलेली जुन्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी आठवते का, दोन भोकं 57 मिमी अंतरावर, एकावर बॉल, दुसऱ्यावर घोस्टचा मध्य? तीच पट्टी वापरतोय, पण आता बाहेरच्या भोकाच्या शेजारी तीन मिमीवर तिसरं भोक पाडलंय, थ्रोवालं. बॉल परत परत त्याच जागी ठेवायला शिंप्याचा खडू वापरा, बारीक टिंब, झटकलं की जातं. स्टिकर लावू नका कापडावर, मार्कर (टेबल सांभाळणारा) हाणेल. आणि हो, लोळत मारला की व्हाईट स्टनसारखा काटकोनात सुटत नाही, आधीच्या दिशेपासून साधारण 30 डिग्रीवर पुढे जातो, त्यामुळे आधी मनात पाठ केलेल्या सगळ्या पोझिशन मोडीत. काही ठिकाणी स्क्रॅच झाला, म्हंजे व्हाईटच मधल्या पॉकेटमधे सरळ. ते सोसतोय सध्या.

टीपचं सांगायचं राहिलं. ऑनलाईन एका दुकानातून लेअरची टीप मागवली होती, लिहिलेलं 13 मिमी, आली ती घासूनही फेरुलच्या (टीपखालच्या कड्याच्या) बाहेर डोकावत होती आणि मधला एक थर सुटलेला. फोटो पाठवला तर उत्तरच नाही. शेवटी इथल्याच एका सुताराकडे, जो कॅरमच्या फ्रेमी करतो, त्याच्याकडे साधी चामड्याची टीप बसवून घेतली, पन्नास-शंभर रुपयांचं काम, आणि मस्त बसलीये. कॅरमवाल्यांना कमी समजू नका लोकहो. त्यांना घासण्याचं सगळं कळतं, बोरिक पावडर उगाच टाकत नाहीत.

आणि हे लिहिता लिहिता डोक्यात आलं. लो डिफ्लेक्शन शाफ्टसाठी पैसे जमवत होतो ना, दिवाळीपर्यंत घ्यायचा प्लॅन होता? तो पुढे ढकलतो. साईडच द्यायची नाही तर कमी स्क्वर्टचा शाफ्ट घेऊन करू काय. त्यापेक्षा खेळायला बसण्याआधी ती चिकटलेल्या बॉलची टेस्ट रोजची करायची, दोन बॉल, एक डायमंड, हळू हाफ बॉल, आणि किती सरकतो ते बघून ठरवायचं की आज थ्रो किती. जळगावच्या टेबलावर वेगळा, धुळ्याला गेलो तर वेगळा, धुतलेल्या सेटवर वेगळा. तिसरं भोक दोन मिमीवर पाडायचं का चारवर, ते त्यावरून. म्हंजे एकच कार्ड नको, तीन कार्डं हवीत, स्वच्छ, मध्यम, आणि आपल्या मालकाचा सेट. हे आधी सुचलं असतं तर तो टीपचा खर्चही... जाऊ द्या.

एक गोड गोष्ट सांगतो. रविवारी शेवटचा काळा बॉल उरला होता, कॉर्नरला, अगदी हाफ बॉल, हळूच मारायचा कारण मागे मधलं पॉकेट वाट बघत बसलेलं. समोरचा गडी चोपड्याचा, आधीच क्यू भिंतीला लावून मोबाईल काढलेला, त्याला वाटलं मी चुकणारच, सगळ्यांना माहितीये ना माझा हा कट. मी कडेच्या बाहेर हवेत निशाणा धरला, जिथे काहीच नाहीये अशा जागी, आणि खरं सांगतो हात नको म्हणत होता, कारण डोळ्याला ते साफ चुकीचं दिसतं. मारला. काळा पॉकेटच्या मधोमध, जॉला शिवलाही नाही. गडी मोबाईल खिशात ठेवत म्हणे, "नशीब." मी म्हटलं अडीच मिमी. त्याला काही कळ्ळं नाही.

अजून पातळ कट, क्वार्टर बॉलच्या पुढचे, बाकी आहेत, तिथे थ्रोचा हिशोब वेगळा लागतोय असं वाटतंय पण अजून टेस्ट नाही केली. पाऊस सुरू झाला की हवा दमट होईल, कुलर बंद होईल, कापड सगळीकडे सारखंच जड होईल, तेव्हा परत मोजतो. तोपर्यंत भुसावळ किंवा नंदुरबारला कुणाकडे ॲरामिथचा सेट असलेलं टेबल माहीत असेल तर कळवा, स्वच्छ कार्डाचं भोक तिथे येऊन पाडायचंय.