सात-एक्केचाळीसची गाडी

कराडजवळ मलकापुरात माझं गॅरेज आहे. चिपळूणकडून जांभा चिरा भरून कुंभार्ली घाट चढणारी एक सहाचाकी दिवाळीनंतर तिसऱ्यांदा माझ्या दारात उभी राहिली. तक्रार तीच, क्लच जळाला. आधीच्या दोन्ही प्लेटा मीच बदलल्या होत्या आणि दोन्ही वेळा मालकाला मीच सांगितलं होतं, ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून प्लेट घसरवत गाडी चढवतो. मालकाने ड्रायव्हरच्या पगारातून पैसे कापले.

गिअरबॉक्स खाली घेतला. क्लचची प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या फ्लायव्हीलच्या चकतीवर निळे डाग, केसासारखे तडे, प्लेटचे रिबिट उघडे पडलेले. ड्रायव्हरमामा साठीकडे झुकलेले, बाजूला उभे होते. म्हणाले, "मिस्त्री, जुनं डिफरन्शियल बसवल्यापासनं मीटर पण मागं पडतंय. शंभर किलोमीटरचे दगड मागं टाकले की हे पंच्याऐंशी-शहाऐंशी दाखवतंय."

डिफरन्शियल म्हणजे मागच्या चाकांमधला दातेरी गिअरचा डबा; गिअरबॉक्सकडून आलेल्या शाफ्टचे फेरे कमी करून तो चाकांना देतो. हे त्यांनी पहिल्या खेपेलाही सांगितलं होतं. केबल खराब असेल म्हणून मी सोडून दिलं. पण केबल खराब असली की काटा थरथरतो, कधी कमी दाखवतो, कधी बंदच पडतो. दर वेळी मोजून तेवढाच मागं राहत नाही. मीटर गिअरबॉक्सवरून चालतं, त्याला शाफ्टचे फेरे कळतात, चाकाचे नाहीत.

मागची दोन्ही बाजूंची चाकं जॅकवर उचलली. चाकावर एक आणि पिनियनच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट डिफरन्शियलला जोडतो त्या चकतीवर, एक अशी खडूची रेघ मारली. पोरांना दोन्हीकडची चाकं बरोबरीने एक फेरा फिरवायला लावली आणि खाली झोपून मी फ्लँजचे फेरे मोजले. पाच झाले, सहावा पुरा व्हायच्या आत चाकाची रेघ जागेवर आली. पुन्हा मोजले, तेवढेच. या गाडीला फ्लँजचे सातला थोडे कमी फेरे पडायला हवेत. डिफरन्शियल खोललं: क्राऊनचे, म्हणजे चाकांकडच्या मोठ्या गिअरचे दात ४१, पिनियनचे, म्हणजे शाफ्टकडच्या छोट्या गिअरचे ७. गाडीची मूळ जोडी ४१ ला ६ ची.

४१ भागिले ६ म्हणजे ६.८३. ४१ भागिले ७ म्हणजे ५.८६. गिअरबॉक्सचा पहिला गिअर सात पटीचा धरला तर इंजिनाचा पीळ चाकाला पूर्वी ४८ पट मिळत होता, आता ४१ पट. सातातला एक हिस्सा ओढ गेली. सपाट हायवेला अशी गाडी छान पळते, इंजिन कमी फिरतं. पण कुंभार्लीच्या वळणावर भरलेली गाडी थांबली की क्लच घसरवल्याशिवाय ती उठतच नाही. मामा अर्ध्या क्लचवर चढवत होते हे खरंच होतं. दुसरं करणार काय?

मालकाने जुन्या बाजारातून अख्खं डिफरन्शियल आणून दुसरीकडे बसवून घेतलं होतं. बोल्टाची भोकं जुळली की काम झालं, असं मानणारे मिस्त्री या धंद्यात फार झालेत. त्या दोन खेपांना मीही त्यांच्यातलाच होतो.

सहा-एक्केचाळीसची जोडी बसवायला पुरा दिवस घेतला. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे, एकटा कधीच नाही. दातांना रंग लावून ठसा पाहिला, तो टोकाकडे आला. शिम, म्हणजे अंतर जुळवायची पातळ चकती बदलली, पुन्हा पाहिला. तिसऱ्या वेळी ठसा दाताच्या मध्यावर बसला, तेव्हाच झाकण लावलं. इथे घाई केली की डिफरन्शियल आवाज करायला लागतं आणि दात जातात.

गाडी गेल्यावर मालकाला फोन केला. म्हटलं, मामांचे कापलेले पैसे परत द्या, चूक त्यांची नव्हती. दोन्ही वेळची माझी मजुरी मी माघारी देतो. ते म्हणाले, "बघू."

परवा मामा भरली गाडी घेऊन घाट चढून आले. मीटर आता बरोबर चालतं म्हणाले. मी पैशांचं विचारलं. अजून मिळाले नाहीत.