चार वाजायच्या आत

माझी आत्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला आली आणि अडीच महिने आमच्याकडे राहिली. ती आली त्याच रात्री, म्हणजे खरे तर पहाटे साडेतीनच्या सुमारास, मी कामावरून परतलो आणि अंधारात माझा पाय कशाला तरी लागून मोठा खणखणाट झाला. आम्ही तिला आतली खोली दिली होती. ती मात्र बाहेर, मुख्य दरवाजाला लागून सतरंजी टाकून निजली होती. उशाशी चपला, बॅटरी आणि स्टीलची दोन फुलपात्रे, एक पालथे आणि त्याच्या बुडावर दुसरे उभे. मी "अगं, मी आहे" असे म्हणेपर्यंत ६८ वर्षांची ती बाई कडी काढून जिन्यात पोहोचली होती. परत आत आल्यावर ती काहीच बोलली नाही. लेकराला ताप आहे का ते बघायला कपाळाला हात लावावा, तसा तिने भिंतीला तळवा लावला, बराच वेळ तसाच ठेवला, मग फुलपात्रावर फुलपात्र ठेवले आणि आडवी झाली.

त्या फुलपात्रांचा अर्थ मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी लातुरात सात वर्षांचा होतो आणि आत्याचे सासर किल्लारीपासून हाकेच्या अंतरावरच्या गावात होते. गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. त्या भागातली घरे म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार, आणि ६.२ क्षमतेच्या धक्क्यात जीवघेणी. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांत आत्याची सासू होती आणि चार वर्षांचा धाकटा मुलगा. पुढे कित्येक दिवस लहानमोठे हादरे बसत राहिले, तेव्हा जमीन हलली की आधी कळावे म्हणून भांड्यावर भांडे रचून झोपण्याची सवय अनेकांना लागली. बहुतेकांची ती यथावकाश सुटली. भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या सरकारी नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता; २००२ साली नकाशा सुधारला गेला तेव्हा तो विभागच रद्द झाला. आत्याच्या अंगाने ती दुरुस्ती नऊ वर्षे आधीच करून घेतली होती.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांसाठी तिने गावाहून आणलेली फाइल मी पहिल्यांदाच नीट चाळली. रक्तदाब, ॲसिडिटी, छातीत धडधड, पाठदुखी, झोप कमी, पुन्हा धडधड. ईसीजीच्या पट्ट्या, एकदा टू-डी इको, दोनदा एंडोस्कोपी, आणि बहुतेक अहवालांखाली विशेष काही आढळले नाही असा शेरा. सोळा वर्षांच्या त्या कागदांत भूकंप हा शब्द एकदाही नव्हता. ती कुठल्या गावची हे प्रत्येक केसपेपरवर सगळ्यात वर लिहिलेले होते, आणि त्या भागातल्या कोणालाही ते नाव वाचून कळायला हवे होते. पुण्यात ज्या मोठ्या रुग्णालयात आम्ही तिला दाखवले, तिथे अडीच तासांनी आमचा क्रमांक लागला आणि भेट सहा-सात मिनिटांत आटोपली. डॉक्टर संगणकाकडे बघून प्रश्न विचारत होते आणि आत्या माझ्याकडे बघून उत्तरे देत होती. त्या डॉक्टरांना मी फारसा दोष देत नाही. बाहेर आणखी चाळीस माणसे बसलेली होती. पण ज्या व्यवस्थेत विचारायलाच सवड नाही, तिथे जे विचारले जात नाही ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही त्यावर उपचार होत नाहीत.

शरीरात घडते ते थोडक्यात असे. धोका जाणवला की मेंदू विचार करत बसत नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल सोडतात, नाडी वाढते, रक्तातली साखर चढते, पचन मागे पडते, झोप उडते. जीव वाचवायला ही तयारी अत्यंत चोख आहे, परंतु ती काही मिनिटांसाठी असते. ज्याच्या बाबतीत ती कधी पूर्ण उतरतच नाही, त्याच्या रक्तदाबावर, आतड्यावर आणि झोपेवर वर्षानुवर्षे ताण पडत राहतो. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हे दुखणे बघून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आघातपश्चात तणाव विकार या नावाने त्याची अधिकृत नोंद केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी सॅन दिएगोतील हजारो प्रौढ रुग्णांना त्यांच्या बालपणातल्या मारहाण, अत्याचार, घरातले व्यसन अशा अनुभवांविषयी विचारले, आणि असे अनुभव जितके जास्त, तितके मोठेपणी हृदयविकार, फुफ्फुसांचे आजार व नैराश्य यांचे प्रमाण जास्त, असे त्यांना आढळले. मला त्या अभ्यासात सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की वजन-उंची घेणाऱ्या दवाखान्यात कोणीतरी हा प्रश्न मुळात विचारला.

इथे मी स्वतःला आवर घालतो, कारण या विषयावर बोलताना माणसे चटकन दुसऱ्या टोकाला जातात. सगळे रोग मनातून येतात, मनात साठवलेले सोडून द्या म्हणजे गाठी विरघळतील, असे सांगणारी शिबिरे हल्ली गल्लोगल्ली भरतात आणि त्यांत आजारी माणसाच्या माथी आजाराचा दोषही मारला जातो. आत्याचा रक्तदाब भूकंपानेच वाढला हे मला सिद्ध करता येणार नाही. तिच्या आईलाही तो होता. आघाताने धोका वाढतो, नशीब ठरत नाही, आणि रक्तदाबाची गोळी तिला घ्यावीच लागते. दुसरीकडे, ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो तरी आमच्या कचेरीत लोक "ट्रॉमा झाला" म्हणतात. शब्द असा वापरून गुळगुळीत झाला की आत्यासारख्यांसाठी काही उरत नाही. तिच्यापाशी तर तसा कुठला शब्दच नाही. ती "काळजात धस्स होतं" म्हणते, आणि फाइलमध्ये त्याचे छातीत धडधड असे भाषांतर होते.

तिची खरी फसगत केली ती झोपेच्या गोळीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत, की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात बेंझोडायझेपिन गटातल्या, म्हणजे मन शांत करून झोप आणणाऱ्या, गोळ्या देऊ नयेत. आत्याला कोणीतरी त्या फार पूर्वीच सुरू केल्या, पुढच्याने त्याच उतरवून घेतल्या, आणि अशा रीतीने वर्षे गेली. अशी गोळी एकदम बंद करणेही धोक्याचे असते; आमच्या सोसायटीखालच्या डॉक्टरबाई आता ती हळूहळू कमी करत आहेत. समुपदेशनासाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "तोंड दिसत नाय त्या मानसासंगं काय बोलू?"

बोलल्याने मन हलके होते, असे आपण सरसकट मानतो. त्याबाबतीत तिने माझी समजूत बदलली. भूकंपानंतरच्या पहिल्या महिन्यात तिला इतक्या जणांनी इतक्या वेळा "त्या रात्री काय झाले" हे विचारले, की तिला ते सगळे पाठ झाले. वहीवाले आले, कॅमेरेवाले आले, पुढारी आले. मुलाला कसे काढले हे ती प्रत्येकाला सांगत गेली. नंतर येणारे थांबले आणि विचारणारे कोणीच उरले नाही. संकटानंतर लगेच माणसाला एकाच बैठकीत सगळे ओकायला लावण्याची पद्धत एके काळी रूढ होती. आता तज्ज्ञ ती टाळायला सांगतात, कारण तिचा उपयोग होत नाही आणि काहींना त्रासच होतो. पाणी, निवारा, आपली माणसे शोधून देणे आणि तो बोलेल तेव्हा ऐकायला जवळ असणे, एवढेच आधी करावे असे म्हणतात. आपल्याकडे सुतकात जाऊन बसायची रीत होती, तिच्यातही बोलणे कमी आणि बसणेच जास्त असायचे. परंतु जिथे प्रत्येक घरात सुतक होते, तिथे कोण कोणाकडे जाऊन बसणार? पाऊस लागून राहिला होता, पडलेल्या घरांच्या तुळयांवर सामुदायिक दहन झाले, आणि मुलाचे कार्य आपल्या हातून नीट झाले नाही ही रुखरुख तिने माझ्याजवळ भूकंपापेक्षा जास्त वेळा बोलून दाखवली.

पुनर्वसन मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या हिशेबाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली, ती भक्कम होती आणि रस्ते सरळ होते. आत्याची तक्रार नेमकी त्या सरळपणाविषयी आहे. जुन्या गावात तिच्या दाराशी आणखी तीन दारे उघडत. पीठ मागायला, भांडायला, तान्हे पोर क्षणभर सोपवायला उंबरा ओलांडला की झाले. नव्या गावात ज्याच्या नशिबी ४०० फूट त्याची ओळ वेगळी, २५० वाल्यांची वेगळी, आणि तिची जन्माची शेजारीण गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. शिवाय डोक्यावर स्लॅब. आत्याने त्या पक्क्या घरात ज्वारीची पोती ठेवली आणि अंगणात पत्र्याची खोली टाकून स्वतः तिथे झोपू लागली. अशी खोली तिच्या एकटीचीच नव्हती.

आणि मग ती आमच्याकडे, नवव्या मजल्यावर आली. इथे समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहते हे मला नावाच्या पाटीवरून माहीत आहे. मी अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम करतो, संध्याकाळी सहाला निघतो आणि पहाटे परततो. रात्रपाळी हे कर्करोगाचे संभाव्य कारण असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ सालीच म्हटले आहे. माझ्या खिशातही ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असते. आत्याला दररोज चार वाजायच्या आत जाग येते, घड्याळ न बघता. म्हणजे घरातली आम्ही दोन माणसे एकाच वेळी जागी, एक त्या रात्रीमुळे आणि एक दुसऱ्या देशातल्या दुपारमुळे.

पहिल्या आठवड्यानंतर मी परतल्यावर चहा टाकू लागलो. साखर तिला चालते, मला सोसत नाही. ती बोलायची ते बहुतेक जुन्या गावाविषयी. कोणाची म्हैस कोणाच्या परसात शिरायची, पोळ्याला बैलांची शिंगे कोण रंगवायचे, धाकट्याला शेंगदाण्याची चटणी कशी कोरडीच खायला आवडायची. त्याचे नाव मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. मी काही विचारले नाही. तिने कप बशीत पालथा घातला आणि पुन्हा म्हशीवर आली.

ती गावी परतण्याच्या आदल्या आठवड्यात एका पहाटे मी बूट काढत होतो, तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर गेला आणि खिडकीची काच थरथरली. फुलपात्रे एकमेकांवर किणकिणली, पडली नाहीत. आत्याने डोळे उघडले, हात भिंतीकडे नेला आणि अर्ध्यावरच थांबवला.

"ट्रक हाय," ती म्हणाली. "चहा ठिव जरा उशिरानं." आणि कूस बदलून झोपली.