चेहरे वाचता न येणे: दुखापतीनंतरचा दुर्लक्षित बिघाड

मेंदूला मार बसलेला माणूस चालू-बोलू लागला, पैशांचे व्यवहार सांभाळू लागला, की घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. पण पत्नी समोर रडत असताना तो मोबाइलवरच्या बातम्या वाचून दाखवत राहतो, तेव्हा ‘याला आता कुणाची पर्वाच उरली नाही’ असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात. हा निष्कर्ष मला फार अन्यायकारक वाटतो. चेहऱ्यावरून, आवाजातल्या चढउतारांवरून दुसऱ्याचे मन ओळखणे हे मेंदूचेच काम आहे आणि स्मृती किंवा वाचा जशी बिघडते, तसे तेही बिघडते. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा पुढचा व कानशिलाजवळचा भाग हळूहळू झिजत जाणारा आजार, त्याच्या एका प्रकारात तर सहानुभूती आटणे हे अगदी सुरुवातीचे लक्षण असते.

उपचाराचा विचार करताना मला एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीची आठवण होते. तिच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचे अमिग्डाला, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी निगडित छोटे भाग, निकामी झाले होते आणि तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नसे. २००५ साली संशोधकांच्या लक्षात आले की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नाही. ‘डोळ्यांकडे पाहा’ असे सांगताच तिला भीती ओळखता आली, मात्र सूचना थांबली की नजर पुन्हा भरकटे. म्हणजे कौशल्य शिकवता येते, पण ते अंगवळणी पडेपर्यंत कुणीतरी सतत सोबत असावे लागते.

नेदरलँड्समध्ये मेंदूच्या दुखापतीनंतरच्या रुग्णांसाठी आखलेल्या प्रशिक्षणात म्हणूनच जोडीदारालाही सामील करून घेतले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, संगणकावरील सर्वसाधारण बौद्धिक सराव करणाऱ्या गटापेक्षा या गटाची भावना ओळखण्याची क्षमता अधिक सुधारली आणि हा फरक काही महिने टिकला. यावर उपाय म्हणून नाकावाटे दिल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाची (हार्मोनची) चर्चा बरीच होते. त्यावर विसंबून राहावे, इतका भक्कम पुरावा मला दिसत नाही. डिमेन्शियासारख्या वाढत जाणाऱ्या आजारात प्रशिक्षणाला मर्यादा येतात, तिथे घरच्यांना आजार नीट समजावून सांगणे हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो.

घरात ‘मला वाईट वाटतंय, थोडा वेळ माझ्याजवळ बस’ असे स्पष्ट शब्दांत सांगितले, तर असा रुग्ण बसतो. नुसत्या उसाशातून त्याला काही कळत नाही. डॉक्टरांनीही सोबत आलेल्या व्यक्तीशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण रुग्ण ‘मी ठीक आहे’ असेच म्हणणार, आणि तेही अगदी मनापासून.