मूव्हर्सचं इन्स्टा कोण बघतं?

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका ओळखीच्या पॅकर्स-मूव्हर्सवाल्याचं इन्स्टा सध्या मीच बघते. आधी नुसते शुभ सकाळ अन् सणांचे बॅनर, बापा, ते पाहून कोण सामान देईल? आता पोरं फ्रिजला बबल रॅप गुंडाळतात, तिसऱ्या मजल्यावरून दिवाण दोरीनं उतरवतात तेच रीलमध्ये टाकतो, गाणं नाही, टेप ओढल्याचा चर्रर्र आवाजच ठेवतो. व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत गायब, म्हणून गूगल मॅप्सवर रिव्ह्यू मागून घ्यायचे, ते टिकतात. एप्रिल-मे बदल्यांचा सीझन, विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे पोस्टा मार्चपासूनच. ग्राहकाच्या दारावरची पाटी मात्र व्हिडिओत नको. फॉलोअर विकत घेऊ म्हणत होता, म्हटलं राहू द्या भाऊ, ते काय बेसाहून हिंगण्याला सामान नेणार आहेत?