जर्नल होतं, तरी एफएससीके चालवावंच लागलं

रात्री काम करताना कंप्युटर अचानक रीड-ओन्ली झाला, म्हणजे फायली वाचता येत होत्या, लिहिता येत नव्हत्या. रीस्टार्ट केला तर नेहमीच्या उबुंटू लिनक्सऐवजी काळ्या पडद्यावर बिझीबॉक्सचा (अडचणीच्या वेळच्या छोट्या कमांड-साधनाचा) प्रॉम्प्ट, आणि वर 'अनएक्स्पेक्टेड इन्कन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली'. एफएससीके म्हणजे फाइलसिस्टिम, अर्थात डिस्कवरची फायलींची मांडणी, तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम; माझ्या डिस्कवर ईएक्सटी४ नावाची फाइलसिस्टिम आहे. मित्राला फोन लावला, तर तो म्हणाला, "अरे, ईएक्सटी४ आहे ना? जर्नल असताना तपासणी कशाला मागेल?"

मागते. जर्नल म्हणजे दुकानातली कच्ची वही. मेटाडेटातले (फायलींची नावं, आकार, जागा यांच्या नोंदींतले) बदल आधी तिथे टिपायचे, मग पक्क्या जागी चढवायचे. वीज गेली तर बूट होताना वहीत पुऱ्या टिपलेल्या पण पक्क्या जागी न चढलेल्या नोंदी चढवल्या जातात, अर्धवट टिपलेल्या सोडून दिल्या जातात आणि 'क्लीन' म्हणून गाडी पुढे जाते. जर्नल नसलेल्या जुन्या ईएक्सटी२च्या काळी अशा वेळी अख्खी डिस्क चाळली जायची. २००१ मध्ये जर्नलवालं ईएक्सटी३ लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आलं आणि ती कटकट गेली. पण डिस्कवर लिहितानाच घोटाळा झाला तर जर्नल काय करणार?

थेट दुरुस्तीला हात घातला नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून आधी कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते, आकडे पाहिले. पेंडिंग (संशयास्पद) सेक्टर शून्य, रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) शून्य, पण सीआरसी एररचा, म्हणजे डेटा ने-आण करताना झालेल्या चुकांचा, आकडा फुगलेला! म्हणजे संशय डिस्कवर नाही, तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलवर. केबल बदलली, आणि पार्टिशन माउंट न करता (सिस्टिमला न जोडता) 'ईटूएफएससीके -एफ', म्हणजे ईएक्सटी कुळासाठीचं एफएससीके, सक्तीने चालवलं. आयनोड (प्रत्येक फाइलची नंबर असलेली नोंद), मग डिरेक्टऱ्या, अशा पाच फेऱ्या. मध्ये 'अनअटॅच्ड आयनोड, कनेक्ट टू लॉस्ट+फाउंड?' असे प्रश्न, प्रत्येकाला 'वाय'. लॉस्ट+फाउंडमध्ये नावाऐवजी नुसते आयनोड नंबर असलेल्या फायली निघाल्या. बहुतेक ब्राउझरचा कचरा, एक मात्र वीजबिलाची पीडीएफ.

नव्या ईएक्सटी४वर ठरावीक माउंटनंतरची तपासणी बंदच असते. मी 'ट्यूनटूएफएस -सी ३०' ही कमांड देऊन ती दर ३० माउंटनंतर चालू केली. एसएसडीवर फारसा वेळ खात नाही. मात्र एफएसटॅबमधला (कोणतं पार्टिशन कुठे माउंट करायचं ते सांगणाऱ्या फाइलमधला) प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा बघून घ्या. रूटला (मुख्य पार्टिशनला) १, बाकीच्यांना २. तिथे ० असेल तर बूटच्या वेळी त्या पार्टिशनकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.