वादातली ट्रिप: मालवाहू वैमानिकांच्या वेळापत्रकाचं गणित

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत तिसरी पाळी केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही की दिवसा मिळालेली बारा तासांची सुट्टी म्हणजे बारा तासांची विश्रांती नव्हे. मालवाहू विमानांचे वैमानिक आणि त्यांच्या कंपन्या यांच्यातलं जुनं भांडण याच मुद्द्यावर आहे. नाशिकची मुलं-मुली आता कमर्शियल पायलट लायसन्ससाठी बाहेर पडतात. पगार किती, टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्याच्या परवान्याचा, खर्च किती, हे घरचे सगळं विचारतात. ड्युटीचं वेळापत्रक कोण बनवतं आणि ते चुकीचं असेल तर काय करायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

आधी अमेरिकेतली पद्धत बघू, कारण तिथे ही लढाई कागदावर नीट मांडलेली आहे. घरच्या तळावरून निघून परत तळावर येईपर्यंतची उड्डाणं आणि मुक्काम मिळून एक 'पेअरिंग' होतं. बोलताना सगळे ट्रिपच म्हणतात. अशा ट्रिप जोडून महिन्याची 'लाइन' तयार होते आणि वैमानिक सीनियॉरिटीप्रमाणे लाइनवर बिड लावतात, म्हणजे आपली पसंती नोंदवतात. ट्रिप सॉफ्टवेअर बनवतं. कमीत कमी माणसांत जास्तीत जास्त उड्डाणं बसवणं हे त्याचं काम. कायद्याची मर्यादा त्याला कळते, पण दुपारी एक वाजता हॉटेलच्या खोलीत माणसाला झोप लागते का, हे कळत नाही.

एक रात्र उलगडून बघा. विमान 05:50 ला जागेवर लागलं. कागदपत्रं उरकून ड्युटी 06:20 ला संपली आणि विश्रांतीचं घड्याळ इथून सुरू झालं. हॉटेलच्या गाडीची वाट बघण्यात 20 मिनिटं, रस्त्यात 30. म्हणजे खोलीत 07:10. अंघोळ, चार घास, अंथरुणाला पाठ लागते आठला. बाहेर उजाडलेलं असतं, शरीराचं घड्याळ जागं असतं, बाराच्या सुमारास डोळे आपोआप उघडतात. पुढचं रिपोर्टिंग 18:20 ला, म्हणजे हॉटेल सव्वापाचला सोडायचं. कागदावर विश्रांती पूर्ण 12 तास, झोप चार-साडेचार तास. अशा तीन रात्री काढल्यावर चौथ्या रात्री पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान उतरताना मेंदू किती चालत असेल, याचा हिशेब सॉफ्टवेअरच्या कुठल्याच रकान्यात नसतो. आणि तीन रात्रींनंतर एक दिवस मोकळा देऊन लगेच पहाटे पाचचं रिपोर्टिंग लावलं तर आणखी वाईट. रात्रीला सरावू लागलेलं शरीर पुन्हा उलटं फिरवायचं. माझ्या मते सगळ्यात घातक ट्रिप हीच, लांब पल्ल्याची नव्हे.

अमेरिकेत कायदा यात फारसा कामाला येत नाही. 2009 मध्ये कोलगन एअर या कंपनीच्या प्रवासी विमानाला झालेल्या अपघातानंतर तिथे थकव्याचे नवे नियम आले, 4 जानेवारी 2014 पासून लागू झाले, पण मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं. प्रवासी विमानात दोन वैमानिकांची ड्युटी सुरू होण्याच्या वेळेनुसार 9 ते 14 तासांत संपावी लागते. मालवाहूंना लागू असलेल्या जुन्या, 'सप्लिमेंटल' नावाच्या नियमांत मात्र 24 तासांत 16 तासांपर्यंत ड्युटी चालते. नियम लागू व्हायच्या काही महिने आधी, 14 ऑगस्ट 2013 ला, यूपीएस या कुरिअर कंपनीचं एक ए300 मालवाहू विमान पहाटे अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या धावपट्टीआधीच कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. तपासात थकवा हे अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदलं गेलं. तरी सूट कायम आहे. झोप माणसाला लागते, विमानात मागे प्रवासी आहेत की खोकी, यानं तिची गरज बदलत नाही.

कायदा नाही म्हणून करार. काही मोठ्या मालवाहू कंपन्यांच्या करारांत युनियनच्या शेड्युलिंग समितीला ट्रिप आधी तपासायला मिळतात. समितीतले लोक स्वतः त्याच विमानावर उडणारे असतात. एखादी ट्रिप थकवणारी वाटली तर ते ती 'वादातली' म्हणून नोंदवतात आणि कारण लिहितात: सलग किती रात्री, मधली विश्रांती कोणत्या वेळेला पडते, दिवस-रात्र किती वेळा उलटते, उशीर झाला तर पुढच्या ड्युटीपर्यंत किती मोकळीक उरते. नुसतं 'दमवणारी आहे' म्हणून चालत नाही. अशी ट्रिप सहसा नियमित लाइनमध्ये घालत नाहीत. ती खुल्या यादीत पडते, जिथून कुणीही ती मागून घेऊ शकतो, किंवा रिझर्व्हवर, म्हणजे ऐन वेळच्या गरजेसाठी राखून ठेवलेल्या, वैमानिकाला दिली जाते.

एकजुटीची खरी परीक्षा या खुल्या यादीत आहे. वादातली ट्रिप पुष्कळदा पैशाला चांगली असते, ऐन वेळी उचलली तर ज्यादा दराचा पगारही मिळू शकतो. कुणाला घरी जायला सोयीचं विमान मिळतं, कुणाला हवी ती सुट्टी जुळते. असा वैमानिक म्हणतो, 'मला जमते, मी उचलतो.' पुढच्या बैठकीत कंपनी आकडे टेबलावर ठेवते: तुम्ही वाद घातलेल्या इतक्या ट्रिप तुमच्याच माणसांनी राजीखुशीने नेल्या, मग तक्रार कसली? समितीचं महिन्याचं काम तिथे वाया जातं आणि तीच ट्रिप पुढच्या महिन्यात नियमित म्हणून परत येते. उलट कुणीच उचलली नाही तर ती रिझर्व्हवाल्याच्या गळ्यात पडते, आणि तो बहुधा सगळ्यात ज्युनियर असतो. म्हणून सीनियर माणसानं ट्रिप सोडून देणं एवढ्यावर काम संपत नाही. ज्युनियरनं उड्डाणानंतर प्रत्यक्ष झोपेचे तास लिहून अहवाल दिला का, हे त्या सीनियरनंच बघायला हवं. अहवालाशिवाय सोडलेल्या ट्रिपचा पुरावा उरत नाही.

संपाचा रस्ता मात्र अरुंद आहे. 22 नोव्हेंबर 2016 ला एबीएक्स एअर या अमेरिकन मालवाहू कंपनीच्या वैमानिकांनी सुट्टीच्या दिवशी सक्तीनं लावल्या जाणाऱ्या ड्युट्यांवरून काम बंद केलं. ऐन सणाचे दिवस होते. दुसऱ्याच दिवशी फेडरल न्यायाधीशानं त्यांना कामावर परत पाठवलं. 2017 मध्ये अ‍ॅटलास एअर या दुसऱ्या मालवाहू कंपनीच्या प्रकरणात तर न्यायालयानं 'आजारी आहे', 'थकलोय, उडू शकत नाही' अशा वाढलेल्या फोनकडे, ज्यादा ड्युटी नाकारण्याकडे ठरवून केलेला दबाव म्हणून बघितलं आणि मनाई हुकूम दिला. एकट्यानं वापरला तर जो हक्क आहे, तोच वाटाघाटी चालू असताना सगळ्यांनी ठरवून वापरला तर बेकायदा ठरू शकतो. म्हणून करारातला लेखी वाद हे जास्त टिकाऊ हत्यार. आणि थकल्याचा फोन फक्त खरोखर थकल्यावरच करायचा. एकदा तो आंदोलनाचं साधन झाला की खऱ्या थकव्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आपल्याकडे बिडची आणि वादातल्या ट्रिपची अशी पद्धत रुजलेली नाही. रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, बहुतेक वेळा कंपनीकडूनच येतं. पण आपला कायदा प्रवासी-मालवाहू असा भेद करून मालवाहूंना मोकळं सोडत नाही. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेच्या) जानेवारी 2024 च्या सुधारित नियमांत आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास केली आणि रात्रीची व्याख्या पहाटे 6 पर्यंत वाढवली. कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याच्या अहवालांचं विश्लेषण आणि त्यावरची कारवाई कळवायची, अहवाल देणाऱ्यावर बडगा उगारायचा नाही, असंही त्यात आहे. अंमलबजावणी पुढे ढकलत ढकलत 2025 मध्ये टप्प्याटप्प्यानं सुरू झाली.

थकव्याच्या अहवालाच्या या तरतुदीचा उपयोग करायचा तर प्रत्येक ड्युटीला रिपोर्टिंगची खरी वेळ, विमान लागल्याची वेळ, हॉटेलच्या खोलीत शिरल्याची वेळ आणि झोपेचे तास वहीत लिहून ठेवा. रोस्टर बदललं की आधीच्याचा स्क्रीनशॉट काढा, कारण बदललेलं रोस्टर जुन्याच्या जागी येऊन बसतं. ड्युटी वाढवा म्हणून फोन आला तर कंपनीचा क्रू-कंट्रोल (वैमानिकांना ड्युटी लावणारा विभाग) विनंती करू शकतो, निर्णय कॅप्टनचा असतो, तोही सोबतच्या क्रूला विचारून. को-पायलट असाल तर विचारल्यावर खरं उत्तर द्या. अहवाल त्याच दिवशी भरा, प्रत स्वतःजवळ ठेवा आणि दुसरी युनियनच्या प्रतिनिधीला द्या. एकाच सेक्टरवर, म्हणजे एकाच मार्गाच्या उड्डाणावर, सहा-सात जणांच्या वह्यांत तेच तास निघाले की बैठकीत बोलायला प्रतिनिधीच्या हातात काहीतरी असतं.