अझाइडची पायरी: एका सार्टानची प्रक्रिया बदलतानाचा माझा अनुभव

औषधांच्या संश्लेषणात काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव नव्या रेणूशी जोडले जावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. माझ्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा काळ मात्र एका जुन्या, सर्वपरिचित औषधाच्या प्रक्रियेतील एकच पायरी बदलण्यात गेला. ते औषध म्हणजे रक्तदाबावरचे लोसार्टान. सार्टान गटातील या पहिल्या औषधाला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. पुढच्या काळात या गटातील औषधांच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या आणि रोज, वर्षानुवर्षे घेतल्या जाऊ लागल्या. त्या रोजच्या सेवनामुळेच त्यांतील अत्यल्प अशुद्धीलाही मोठे महत्त्व येते.

पीएच.डी.साठी मी पुण्यात नैसर्गिक संयुगांच्या संश्लेषणावर काम केले होते. तिथे यश मोजले जाते ते रेणू हाती लागला की नाही यावर. तो मिलिग्रॅममध्ये असला तरी चालते, आणि कॉलमवर (शोषक भरलेल्या नळीतून) शुद्ध करून एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) स्वच्छ आला की त्या पायरीचा विषय संपतो. कारखान्यात कॉलम चालत नाही. पदार्थ स्फटिकीकरणाने आणि धुण्याने शुद्ध व्हावा लागतो, आणि वापरलेले प्रत्येक अभिकारक शेवटी कुठे गेले याचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे १९७२ ते २००४ या काळात औषधांच्या रेणूला नव्हे, तर फक्त प्रक्रियेला पेटंट मिळत असे, त्यामुळे पर्यायी मार्ग शोधण्यात भारतीय रसायनशास्त्रज्ञ विलक्षण तरबेज झाले. या परंपरेचा मला मनापासून अभिमान आहे. पण मार्ग शोधणे आणि त्या मार्गावर उरलेले सगळे हिशेबात धरणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे मला नोकरीतच शिकावे लागले.

जुलै २०१८ मध्ये वल्सार्टानच्या गोळ्या युरोप-अमेरिकेत बाजारातून परत मागवल्या जाऊ लागल्या. झेजियांग हुआहाई या चिनी उत्पादकाच्या वल्सार्टानमध्ये एनडीएमए हे कर्करोगकारक मानले जाणारे नायट्रोसअमाइन सापडले होते. त्याचे मूळ टेट्राझोल तयार करण्याच्या पायरीत होते. टेट्राझोल म्हणजे चार नायट्रोजन आणि एक कार्बन असलेले पंचकोनी वलय. बहुतेक सार्टानांच्या रेणूत ते असते आणि नायट्राइल (कार्बन-नायट्रोजन गट) व अझाइड (तीन नायट्रोजनांचा गट) यांच्या अभिक्रियेतून बनते. पूर्वी त्यासाठी ट्रायब्युटिलटिन अझाइड वापरत. त्यात कथिलाचे विषारी अवशेष उरत, म्हणून सोडियम अझाइड, झिंक क्लोराइड आणि डीएमएफ हे विद्रावक अशी पद्धत आली. उरलेले अझाइड स्फोटक व विषारी असल्याने ते नष्ट करण्यासाठी आम्लात सोडियम नायट्राइट घालत. डीएमएफच्या विघटनातून येणारे डायमेथिलअमाइन आणि नायट्राइटपासून बनणारे नायट्रस आम्ल एकत्र आले की एनडीएमए तयार होते. यातला प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहिला तर समंजस होता, आणि धोका त्यांच्या एकत्र येण्यात होता, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करून गेली.

मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे लोसार्टानचे टेट्राझोल टोल्यूइनमध्ये, ट्रायएथिलअमाइन हायड्रोक्लोराइड वापरून बनवले जाई. आपण डीएमएफ वापरत नाही, म्हणून आपल्याला चिंता नाही, असा बैठकीतला पहिला सूर होता. पण ट्रायएथिलअमाइनमध्ये डायएथिलअमाइनचा अंश असू शकतो, शिवाय नायट्रस आम्लाच्या संपर्कात ट्रायएथिलअमाइनचा एक एथिल गट निघूनही एनडीईए हे एनडीएमएसारखेच दुसरे नायट्रोसअमाइन बनू शकते. दिवसाला २६.५ नॅनोग्रॅम ही एनडीईएची स्वीकार्य मर्यादा आणि लोसार्टानची १०० मिलिग्रॅमची कमाल मात्रा धरली, तर औषधात ते ०.२७ पीपीएमपेक्षा (दशलक्षात ०.२७ भागापेक्षा) जास्त चालत नाही. आमची अझाइडची पायरी मार्गाच्या सुरुवातीला असल्याने पुढच्या पायऱ्यांत ते धुतले जाईल, असेही गणिताने दाखवता आले असते. ते गणित चूक नव्हते. तरीही, जी अशुद्धी तयारच होऊ न देणे शक्य आहे ती आधी तयार करून मग धुवायची, हे मला पटत नव्हते. उत्पादन भांड्यात असताना नायट्राइट घालायचेच नाही, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

अडचण खरी इथून सुरू झाली, कारण आता उरलेले अझाइड उत्पादनापासून वेगळे करावे लागणार होते. टेट्राझोल आणि हायड्रॅझोइक आम्ल (अझाइडचे आम्लरूप) यांची आम्लता जवळजवळ सारखी असते, म्हणून केवळ सामू बदलून आणि थर वेगळे करून उत्पादन एका बाजूला व अझाइड दुसऱ्या बाजूला असे करता येत नाही. आम्लारियुक्त पाण्यात दोन्ही एकत्रच उतरतात. त्याचा एक लाभ मात्र आम्ही घेतला: या टप्प्यावर ट्रायएथिलअमाइन टोल्यूइनमध्ये जाते, त्यामुळे तो थर काढून टाकला की अमाइनचा मोठा भाग तिथेच निघून जातो. मागे राहिलेल्या जलीय थरात आम्ल घालून टेट्राझोल घनरूपात पाडायचे, गाळायचे, आणि नायट्राइट फक्त वेगळ्या भांड्यातील गाळलेल्या द्रावात घालायचे, असा क्रम ठरला. पण आम्ल घालताना हायड्रॅझोइक आम्ल मोकळे होते, आणि ते सुमारे ३७ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणून द्रावण पातळ ठेवणे, तापमान खाली राखणे, आम्ल अगदी सावकाश सोडणे, नायट्रोजनचा प्रवाह चालू ठेवणे आणि बाहेर येणारी वाफ कॉस्टिकच्या स्क्रबरमध्ये (वाफ शोषून घेणाऱ्या यंत्रात) नेणे, यांपैकी कशातही सवलत नव्हती. तांबे आणि शिसे यांची अझाइडे धक्क्यानेही फुटतात, म्हणून त्या मार्गावरील जोडण्यासुद्धा एकेक करून तपासल्या गेल्या.

प्रयोगशाळेत हे छान जमले. प्लांटमध्ये पहिल्या बॅचला पदार्थाचा थर, म्हणजे केक, फिल्टरवर आला, पाण्याने धुतला, पण धुवणाच्या नमुन्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की लाल रंग येतच राहिला. अझाइड असेल तर हा रंग येतो. मी आकडे पाहत होते. फिल्टरच्या काचेतून आत बघणारे जुने ऑपरेटर म्हणाले, "मॅडम, केकला चिरा पडल्यात बघा. पाणी तिथनंच खाली जातंय, बाकीचा माल भिजतच नाही."

"काका, मग आधी केक सपाट करून घेऊ या का?"

"ते करूच. पण माल लई बारीक आलाय, तो पाणी धरून ठेवणार."

त्यांचे निरीक्षण अचूक होते. बारीक सुयांसारखे स्फटिक द्राव धरून ठेवतात, आणि गाळण्याचा दाब वाढवला की केक आक्रसून फुटतो. आम्ही पुन्हा प्रयोगशाळेत गेलो. आम्लाचा पहिला भाग घालून झाल्यावर बी म्हणून थोडे तयार स्फटिक घातले, काही काळ नुसते ढवळत ठेवले आणि उरलेले आम्ल त्यानंतर सोडले. स्फटिक जाड, दाणेदार आले. पुढच्या बॅचमध्ये केक न फुटता पाणी सगळीकडून सारखे उतरले आणि फेरिक क्लोराइडचा रंग फिका होत होत नाहीसा झाला. आयन क्रोमॅटोग्राफीच्या (अझाइडचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीच्या) अहवालानेही तेच सांगितले. तो अहवाल हातात आला तेव्हा झालेला आनंद एखादा अवघड रेणू पूर्ण झाल्याच्या आनंदाहून तसूभरही कमी नव्हता.

त्यापुढचे काम कागदांचे होते आणि ते लांबले: वैधतेच्या बॅचेस, स्थिरतेचे नमुने, नियामकांकडे बदलाचे अर्ज. पुनर्प्राप्त टोल्यूइन इतर कोणत्याही प्रक्रियेच्या टोल्यूइनमध्ये मिसळायचे नाही, ही अट आम्ही त्यात लेखी घातली, कारण अशा परत वापरलेल्या विद्रावकांतूनही नायट्रोसअमाइन पसरल्याचे तोवर स्पष्ट झाले होते.

२०२१ मध्ये सार्टानांत आणखी एक अशुद्धी चर्चेत आली: बायफेनिलवरील (सार्टानच्या रेणूतील जोडवलयांवरील) ब्रोमोमेथिल गटाशी उरलेल्या अझाइडची अभिक्रिया होऊन बनणारे अझिडोमेथिल संयुग. आमच्या मार्गात ब्रोमिनेशन, म्हणजे ब्रोमिन जोडण्याची पायरी, टेट्राझोलनंतर येते, त्यामुळे टेट्राझोलसोबत अझाइड पुढे गेले तर हेच संयुग बनणार होते. नियामकांची विचारणा आली तेव्हा धुतलेल्या केकमधील अझाइडचे बॅचवार आकडे आमच्याकडे आधीपासून होते, आणि उत्तर त्यांच्याच आधारे पाठवले. अंतिम औषधात ते संयुग मोजण्याची पद्धत मात्र नव्याने बसवावी लागली. सध्या मी ज्यांचा रेणूच दुय्यम अमाइन आहे, म्हणजे नायट्राइटशी मिळून स्वतःच नायट्रोसअमाइन बनू शकतो, अशा औषधांकडे वळले आहे. तिथे नायट्राइट गोळीतल्या पूरक द्रव्यांतून येऊ शकते, आणि ते रिॲक्टरमध्ये अडवता येत नाही.